मुक्त प्रणालीचा अतिरिक्त कार्यभार

मादन हिप्परग्याहून बसनं पाऊण तासावर एक नाडकचेरी आहे. नाडकचेरी म्हणजे तहसील कचेरीचं धाकटं भावंड. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, कुठलाही दाखला लागला की आसपासच्या बावीस गावांची माणसं सकाळी भरलेला डबा घेऊन इथं येतात आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत जातात. कचेरीत उपतहसीलदार शरणबसव साहेब, शिपाई निलम्मा, एक संगणक आणि तो चालवणारा धम्मानंद असा संसार होता. संगणकाला अकरा वर्षं झाली होती, धम्मानंदाला नऊ. संगणक कचेरीच्या मालमत्तेत नोंदलेला होता. धम्मानंद कंत्राटी असल्यामुळे त्याची दर मार्चला नव्यानं नेमणूक व्हायची, आणि फेब्रुवारीत तो साहेबांना जरा जास्त वाकून नमस्कार करायचा.

एरवी तो मान ताठ ठेवून काम करणारा माणूस. कलबुर्गीला डिप्लोमा केलेला, बोटं चपळ. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे त्याला कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत म्हणता यायचं, पण गरज नसताना तो ते म्हणत नसे. त्यामुळे बावीस गावांत त्याचं नाव चांगलं होतं.

जूनमध्ये वरून परिपत्रक आलं. सर्व कार्यालयांनी आपल्या संगणकांवर तात्काळ ‘मुक्त प्रणाली’ बसवावी. मात्र दाखले छापण्याचं सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीवरच चालत असल्यानं जुनी प्रणाली काढू नये. दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर नांदवाव्यात आणि तसा अहवाल सादर करावा.

प्रणाली म्हणजे संगणक चालू केल्यावर त्याच्या अंगात येते ती. एका अंगात दोन आणायच्या, एवढंच काम होतं. धम्मानंदाला आनंद झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा वरून असं काही आलं होतं, जे खाली कुणालातरी करता येत होतं. शनिवारी लोक गेल्यावर त्यानं सगळे जुने अर्ज बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, संगणकातली मधली भिंत सरकवून एका खोलीच्या दोन खोल्या केल्या, पेन ड्राइव्ह लावला आणि रिकाम्या खोलीत मुक्त प्रणाली आणून बसवली. चहा धरून सव्वादोन तास लागले. संगणक पुन्हा चालू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर ‘जुनी’, खाली ‘मुक्त’. कुठली हवी ते बाणानं निवडा, एंटर दाबा. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर वरची आपोआप सुरू होणार.

निलम्मा झाडू टेकवून बघत उभी होती.

“दोघी नांदतील का रे एका घरात?”

“भेटणारच न्हाईत, अक्का. एक जागी असली की दुसरी झोपल्याली असतीया.”

“मग बरं हाय,” निलम्मा म्हणाली आणि झाडू लागली.

सोमवारी साहेबांनी पाहणी केली. शरणबसव साहेबांची महसूल खात्यात सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यांच्यावर एकही ठपका नव्हता, कारण सव्वीस वर्षांत त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता. आलेला प्रत्येक कागद त्यांनी वर मार्गदर्शनासाठी पाठवला होता किंवा खाली अभिप्रायासाठी. माणूस सज्जन होता. कुणाला वरच्या आवाजात बोलत नसे. त्यांनी चष्मा लावून काळा पडदा नीट वाचला.

“हे कोण विचारतंय?”

“कॉम्प्युटर, सर.”

“कुणाला?”

“जो समोर बसेल त्याला.”

“जो समोर बसेल त्याला अधिकार आहे का?” साहेबांनी विचारलं. ते बोलत असतानाच दहा सेकंद संपले आणि जुनी प्रणाली सुरू झाली. साहेब एक पाऊल मागं सरकले.

“हे कुणी ठरवलं?”

“कुणी ठरवलं न्हाई सर, आपोआप होतं. दहा सेकंद थांबतं आणि...”

“धम्मानंद, दहा सेकंदांत झालेला निर्णय मी आजवर बघितला नाही. आणि हा तर कुणीच केलेला नाही. उद्या ऑडिटवाले विचारतील, सही कुणाची? मी काय म्हणू, सेकंदाची?”

ते दहा सेकंद काढून टाकण्याची तोंडी सूचना झाली. धम्मानंदानं एक आकडा बदलला. आता निवड झाल्याशिवाय संगणक पुढं जाणार नव्हता. निवड कोणी करावी याचं मार्गदर्शन मागणारं पत्र तालुक्याला गेलं, आणि उत्तर येईपर्यंत अकरा दिवस संगणक रोज साडेदहाला चालू होऊन साडेपाचला बंद होत राहिला. दिवसभर त्याच्यावर दोन ओळी दिसत. शेजारी धम्मानंद बसे. समोरच्या बाकावर लोक बसत.

भगवानराव तिसऱ्या दिवसापासून येत होते. सत्तरीचा माणूस, मादन हिप्परग्याला तुरीची शेती आणि बाजारात छोटी आडत. नातवाच्या शाळेसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता.

“धम्मा, कामून बसवलायस रं आमाला? लाईट तर हाय की.”

“मशीन इचारायलंय काका, कुठली पायजे म्हणून.”

“मग सांग की त्याला.”

“मला अधिकार न्हाई.”

“मग म्या सांगतो. म्हातारा माणूस हाय, माझ्यावर कोण केस करतंय?”

ही सूचना धम्मानंदानं हसून टाळली. पण संध्याकाळी साहेबांच्या कानावर ती गेली आणि दुसऱ्या दिवशी संगणकाभोवती दोरी बांधण्यात आली.

बाराव्या दिवशी तालुक्याचं उत्तर आलं. ते इतकं स्पष्ट होतं की साहेबांनी दोनदा उलटून बघितलं. नवे अर्ज मुक्त प्रणालीत घ्यावेत. दाखले जुन्या प्रणालीतून द्यावेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार जुनी. मंगळवार, गुरुवार, शनिवार मुक्त. निवड कार्यालयप्रमुखानं स्वतः करावी व निवड नोंदवहीत सही करावी. सुरक्षेच्या कारणास्तव एका प्रणालीतली माहिती दुसऱ्या प्रणालीत थेट नेऊ नये.

“थेट नेऊ नये,” साहेबांनी पुन्हा वाचलं. “म्हणजे पत्रानं न्यावी.”

“सर, एकाच डिस्कवर हाय. ह्या खोलीतून त्या खोलीत. क्लिक केलं की...”

“थेट नेऊ नये, धम्मानंद.”

पत्र पाठवायचं तर पाठवणारा आणि घेणारा लागतो. साहेबांनी कार्यालयीन आदेश काढला. ‘संगणक चालक (जुनी प्रणाली)’ आणि ‘संगणक चालक (मुक्त प्रणाली)’ अशी दोन पदं निर्माण झाली. दुसरं पद मंजूर नसल्यामुळे त्याचा अतिरिक्त कार्यभार पहिल्याकडं सोपवण्यात आला. पहिला धम्मानंद होता. निलम्मानं गोदामातून आणखी एक खुर्ची आणली, आणि धम्मानंद मंगळवारी एका खुर्चीवर बसू लागला, बुधवारी दुसरीवर.

मंगळवारी तो अर्ज घेई, छापे, आणि ‘मुक्त’चा चालक म्हणून ‘जुनी’च्या चालकाला पत्र लिही: सोबत अर्ज जोडला आहे, पुढील कार्यवाहीस्तव सादर. बुधवारी ‘जुनी’चा चालक म्हणून तो ते पत्र आवक करी, वाची, आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून टाइप करी. पहिल्या आठवड्यात त्याला याचं हसू येत होतं. घरी जेवताना त्यानं हे आईला आणि धाकट्या बहिणीला नक्कल करून दाखवलं होतं. आई चांगुणाबाई तोंडाला पदर लावून हसली होती.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी पत्रव्यवहार तपासला.

“पाठवणारा आणि घेणारा एकच माणूस दिसतोय.”

“एकच हाय, सर.”

“ते मला माहीत आहे. कागदावर दिसायला नको. इकडं कन्नडमध्ये सही कर, तिकडं इंग्रजीत. आणि पत्र मंगळवारी निघून बुधवारी कसं पोचलं? तालुक्याचं पत्र आपल्याला तीन दिवसांनी मिळतं. आपलं एका दिवसात मिळालं तर लोक म्हणतील, यांनी आपापसात ठरवलंय.”

तेव्हापासून पत्र तीन दिवस टेबलाच्या मधल्या खणात ठेवण्यात येऊ लागलं.

अकरा दिवस तुंबलेल्या रांगेत नंबर उशिरा लागून भगवानरावांचा अर्ज असाच खणात होता. शाळेची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. म्हातारा शाळेचं पत्रक हातात धरून बाकावर बसला होता, आणि ते धम्मानंदाला त्याच्या बोलण्यापेक्षा जड जात होतं. आदल्या दिवशी त्यानंच तो अर्ज भरला होता. नाव, गाव, सर्व्हे नंबर, सगळं पाठ होतं. खण न उघडता, पत्र न काढता त्यानं ते जुन्या प्रणालीत भरलं, दाखला छापला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. भगवानरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

शुक्रवारी पत्र खणातून बाहेर आलं, आवक झालं, आणि ज्या दाखल्याची मागणी होती तो दोन दिवस आधीच दिलेला निघाला. शनिवारी धम्मानंदाला नोटीस मिळाली. ती त्यानंच टाइप केली होती, पण साहेबांनी सांगितलेल्या शब्दांत:

‘आपण मुक्त प्रणालीत पाहिलेली माहिती जुन्या प्रणालीत स्मरणातून भरल्याचे निदर्शनास आले आहे. दोन प्रणालींमध्ये माहितीची डोक्यातून वाहतूक करण्यास आपणांस कोणी परवानगी दिली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. पुनरावृत्ती झाल्यास मार्चमधील नेमणुकीबाबत विचार करावा लागेल.’

“तू हुशार आहेस,” साहेब प्रेमानं म्हणाले. “तीच अडचण आहे. आज तू भगवानरावाचं लक्षात ठेवलंस. उद्या म्हणशील, मला सगळं गाव पाठ आहे. मग कागद कशाला, मी कशाला?”

धम्मानंदानं माफीचा खुलासा लिहिला. त्या दिवसापासून तो संध्याकाळी संगणक बंद करताना दिवसभराचं सगळं विसरायचा प्रयत्न करू लागला. सुरुवातीला अवघड गेलं. मग जमलं. मग एका शुक्रवारी ‘मुक्त’कडून आलेल्या एका पत्राला जोडपत्र लावलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं पत्र लिहून ते परत पाठवलं: जोडपत्राअभावी परत, यापुढे दक्षता घ्यावी. लिहिताना त्याला बरं वाटलं. मंगळवारी ‘मुक्त’च्या खुर्चीवर बसून त्यानं ते वाचलं आणि त्याचा कान गरम झाला. जोडपत्र लावलं होतं, घेणाऱ्यानंच कुठंतरी पाडलं असणार. त्यानं कडक भाषेत स्मरणपत्र पाठवलं. महिनाभरात दोघांचं इतकं बिनसलं की ‘जुनी’नं ‘मुक्त’ला कामात हयगय केल्याबद्दल नोटीस काढायची शिफारस केली. साहेबांनी ती मंजूर केली. कचेरीत शिस्त येऊ लागली होती.

याच सुमारास मैत्रेयीची निवड झाली.

मैत्रेयी म्हणजे धम्मानंदाची ती धाकटी बहीण. नर्सिंग केलेली, दोन वर्षं परीक्षा देत होती. कलबुर्गीच्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिकेच्या जागेसाठी यादीत तिचं नाव लागलं. कागद तपासायला चौदा तारखेला, बुधवारी हजर राहायचं होतं. सगळे कागद होते. फक्त रहिवासी दाखला नवा लागत होता.

“पंधरा दिवस हायत,” आई म्हणाली. “आनि दाखला तर घरातच हाय.”

तिचं म्हणणं खरं होतं. मंगळवारी मैत्रेयी कचेरीत आली, रांगेत बसली, नंबर आल्यावर भावासमोर बसली. त्यानं तिचं नाव विचारलं. तिनं हसत सांगितलं. त्यानं टाइप केलं. मुक्त प्रणालीत एक खोट होती: प्रणालीच्या कन्नड टाइपात, म्हणजे फॉन्टमध्ये, जोडाक्षरं फुटत. ‘त्र’मधला ‘त’ वेगळा पडे, ‘र’ वेगळा. नवा टाइप घातला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, पण तो घालायची परवानगी मागणारं पत्र दोन महिने वर होतं. छापून आलेल्या अर्जावर तिचं नाव ‘मैतरेयी’ असं आलं. धम्मानंदानं ते बघितलं. मुक्त प्रणालीच्या चालकाचं काम अर्ज छापण्याचं होतं, वाचण्याचं नव्हतं. त्यानं तो जोडून पत्र खणात ठेवलं.

शुक्रवारी ‘जुनी’च्या चालकानं पत्र उघडलं. अर्जात मैतरेयी, आधार कार्डावर मैत्रेयी. नावात तफावत. त्यानं कीबोर्डवर हात ठेवले. एक जोडाक्षर लिहायचं होतं. साहेब बैठकीला तालुक्याच्या गावी, आळंदला गेले होते, निलम्मा चहाला. कुणी बघत नव्हतं. पण खणातलं पत्र होतं, आवक वहीत नोंद होती, आणि मार्च होता. त्यानं लाल पेन काढलं आणि लिहिलं: नावातील तफावतीमुळे परत.

संध्याकाळी घरी ताट वाढलेलं होतं. मैत्रेयीला खबर आधीच लागली होती.

“दादा, माझं नाव तुला ठाऊक हाय का?”

“हाय की.”

“मग लिही की ते.”

“ठाऊक असून चालत न्हाई. समोरून यावं लागतं.”

“समोरून म्हंजी कुठून?”

“मुक्तीकडून.”

“तितं कोन बसतंय?”

धम्मानंदानं भाकरी मोडली. आईनं त्याच्याकडं बघितलं, मग मुलीकडं.

“तूच लिवनार, तूच वाचनार, तूच परत धाडनार,” चांगुणाबाई म्हणाली. “मग ह्यात दुसरं मानूस कोन हाय रं लेकरा?”

“आई, तो चार्ज वेगळा हाय. तुला नाही कळणार.”

नऊ वर्षांत त्यानं बाकावरच्या कुणालाही हे वाक्य म्हटलं नव्हतं. आई उठून चुलीकडं गेली.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी तोडगा काढला. मैत्रेयी आणि मैतरेयी या दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं. त्यासाठी दोन्ही व्यक्तींनी आपापल्या प्रणालीच्या दिवशी समक्ष हजर राहावं, आणि त्या त्या चालकानं त्यांना ओळखावं.

“मी एकटीच हाय, सर,” मैत्रेयी म्हणाली.

“तेच तर सिद्ध करायचं आहे, अक्का,” साहेब म्हणाले. “आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत.”

त्या दिवशी ती मैतरेयी म्हणून हजर राहिली. मुक्त प्रणालीच्या चालकानं लिहून दिलं की अर्जदार आपल्या समक्ष आल्या, आपण त्यांना ओळखतो. कन्नडमध्ये सही केली. कागद खणात गेला. शुक्रवारी ती पुन्हा आली, या वेळी मैत्रेयी म्हणून. चौदा तारखेला पाच दिवस उरले होते. तिनं इस्त्रीचा पांढरा ड्रेस घातला होता, जणू तपासणी इथंच आहे.

साहेबांनी विचारलं, “मंगळवारी आलेल्या त्या ह्याच का?”

धम्मानंद दुसऱ्या खुर्चीवर होता. “मंगळवारी मी नव्हतो, सर.”

“बरोबर,” साहेब खूष झाले. “म्हणजे तुला ह्यांना ओळखता येतंय का? स्वतंत्रपणे?”

इथं त्याला ‘हो’ म्हणता आलं असतं. साहेबांनी कदाचित चालवूनही घेतलं असतं. पण ‘हो’ म्हटलं तर कुठल्या कागदावरून, असा प्रश्न आला असता, आणि कागद एकच होता, तोही ‘मुक्त’च्या चालकाचा. त्याच्या कामात हयगय असते, हे धम्मानंदानं स्वतःच लेखी दिलं होतं. राहिली ती डोक्यातली ओळख. ती नेण्याची शिक्षा त्याला ठाऊक होती. त्यानं पेन उचललं. बहिणीच्या समोर, तिच्याकडं न बघता, आवक पत्राच्या पाठीवर लिहिलं: ‘अर्जदार माझ्या परिचयाच्या नाहीत. सबब, मुक्त प्रणालीच्या चालकाकडून अधिक पुरावा मागवावा.’ आणि खाली इंग्रजीत सही केली.

मैत्रेयीनं कागद उलटा वाचला. नर्सेसना डॉक्टरांचं उलटंही वाचता येतं.

“दादा,” ती हळूच म्हणाली.

“बाहेर बसा,” धम्मानंद म्हणाला.

ती बसली नाही. पर्स उचलून बसस्टँडकडं निघून गेली. निलम्मा दारात उभी होती. तिनं बाजूला होऊन वाट दिली आणि आत येऊन धम्मानंदाच्या टेबलावरचा चहाचा कप, तो अर्धा भरलेला असताना, उचलून नेला.

अधिक पुरावा मंगळवारी निघाला. चौदा तारखेला मैत्रेयी कलबुर्गीला गेली, दाखल्याशिवाय रांगेत उभी राहिली, आणि यादीत तिच्या खालचं नाव वर सरकलं. सोळा तारखेला, शुक्रवारी, दाखला तयार झाला. एक नव्हे, दोन. एक मैत्रेयीच्या नावाचा, एक मैतरेयीच्या. दोघी गावच्या कायमच्या रहिवासी असल्याचं प्रमाणित करण्यात आलं होतं. धम्मानंदानं दोन्ही घरी आणून कपाटावर ठेवले. कुणी हात लावला नाही. महिन्याभरात मैत्रेयी हुमनाबादला हायवेवरच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहू लागली.

डिसेंबरात जिल्ह्याच्या कामाचा आढावा झाला. दाखल्यांत ही नाडकचेरी पहिली आली. इतर कचेऱ्यांत एका अर्जावर एक कार्यवाही होत होती. इथं एका अर्जाचे दोन अर्ज, सहा पत्रं, एक स्मरणपत्र आणि दोन निपटारे होत होते. वरचे अधिकारी स्वतः आले. त्यांनी दोन खुर्च्या बघितल्या, निवड नोंदवही चाळली आणि दोन्ही चालकांचं कौतुक केलं. दुसरा कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, “आज त्याचा दिवस नाही, सर.” धम्मानंदाला शाल मिळाली. बावीस गावांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपली कचेरी पहिली आली, याचा सगळ्यांना अभिमान वाटला. भगवानरावांनीही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरानं. मार्चची नेमणूक या वेळी डिसेंबरातच पक्की झाली, दोन्ही पदांवर. पगार एकाच पदाचा होता, पण धम्मानंदाला त्याचं काही वाटलं नाही. फेब्रुवारीत वाकायची गरज उरली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी कचेरी नेहमीसारखी भरली होती. बाकावर जागा नसल्यानं काही लोक भिंतीला टेकून बसले होते. धम्मानंद खाली मान घालून एकेकाचा कागद घेत होता. एक कागद आला. रहिवासी दाखल्यासाठी नवा अर्ज, नवी भरती, जुना दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना झाल्यामुळे. अर्जदाराचं नाव: मैत्रेयी.

त्यानं मान वर केली. ती रांगेतून आली होती. हातात नंबराची चिठ्ठी होती. थोडी वाळली होती. बोलायचं ठरवून आली असेल, भांडायचं ठरवून आली असेल, असं त्याला वाटलं. भांडली असती तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. सहा महिने तो ते उत्तर जुळवत होता.

“आज जुनी हाय,” तो म्हणाला. “नवे अर्ज मुक्तीत. उद्या या.”

“किती वाजता येऊ, साहेब?”

त्यानं तिच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. राग शोधला. तोही नव्हता. माणूस बसची वेळ विचारतो तसं तिनं विचारलं होतं.

“साडेदहाला,” धम्मानंद म्हणाला.

तिनं मान डोलावली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती बाहेर पडली. कचेरीत त्या वेळी सतरा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. त्यातल्या निम्म्यांना ती त्याची सख्खी बहीण आहे हे माहीत होतं. कुणीही काही बोललं नाही. तुम्हीही होतात तिथं, भिंतीला टेकून, तिच्या मागच्याच नंबरावर. ती गेली तसे तुम्ही बुड उचलून एक जागा पुढं सरकलात आणि मनात म्हणालात, चला, एक माणूस कमी झालं.